बिनकडीचं घर

माझ्या नातवाच्या खोलीला आतून कडी आहे आणि ती बहुतेक वेळ लागलेलीच असते. जेवायला हाक मारली की तो आतूनच "आलो" म्हणतो आणि येत नाही. मध्यंतरी टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ लढाईच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा मात्र स्वारी आपणहून बाहेर आली. डोळे चमकत होते. माझ्या शेजारी बसून म्हणाला, "आजी, तुझे वडील फौजेत होते ना? खरी लढाई लढलेत ना ते? किती जणांना उडवलं त्यांनी?" मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "ते गाडी चालवायचे." त्याने माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, पुढे काही येतंय का म्हणून. मग म्हणाला, "बस? एवढंच?" आणि उठून गेला. आतून कडीचा आवाज आला. तो आवाज ऐकला की आजही मी हातातलं काम टाकून त्या दारापर्यंत जाऊन येते, का ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सुनेला वाटतं सासूला विसरायचा त्रास आहे. तर त्या "एवढंच?"ला उत्तर म्हणून हे लिहायला बसले आहे. तो वाचेल अशी आशा नाही, पण लिहून झालं म्हणजे माझ्यापुरतं तरी झालं.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि न्हाणीच्या पलीकडे थेट केळीचा मळा. वारा सुटला की केळीची पानं एकमेकांवर घासून दिवसभर सळसळत राहायची, विहिरीवरची मोटार घरघरायची, आणि या सगळ्याच्या वर मायचा आवाज. माय म्हणजे माझी आई. तिला हळू बोलणं जमतच नव्हतं. चुलीपाशी बसून ती ओट्यावरच्या माणसाशी गप्पा मारी. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, त्यावर ठेचा आणि कच्च्या तेलाची धार. उन्हाळ्यात धाब्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले असत आणि आम्ही पोरं ते अर्धे ओलेच पळवायचो. खाण्यापिण्याला त्या घरात कधी काही कमी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणू नये की हिच्या बापाने हिला उपाशी मारलं.

आमच्या घरात कमी होती ती फक्त कडी. एकाही दाराला नव्हती. पुढच्या दाराला नाही, मधल्या घराला नाही, न्हाणीला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, बांगलादेशाच्या लढाईनंतर फौज सोडून कायमचे घरी आले. सगळं गाव वाजतगाजत वेशीपर्यंत गेलं होतं. गुलालाने माखलेले नाना घरात आले, मायने ओवाळलं, शिरापुरीचं जेवण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पकड आणि हातोडी घेतली आणि एकेका दाराची कडी उपटून काढली. माय म्हणाली, "अवो, हे काय करू र्‍हायले?" काढलेलं सगळं लोखंड गोणपाटात बांधून नानांनी भंगारवाल्याला देऊन टाकलं. दारांना उरलेल्या भोकांत मायने कणीक भरली, ती मुंग्यांनी खाल्ली, मग तिने नाद सोडला. गावाने मात्र याचा भलताच अर्थ लावला. फौजीच्या घरात शिरायची कुणाची टाप आहे, म्हणून त्याला कडीची गरजच नाही, असं लोक छाती फुगवून सांगू लागले. पाहुण्यांना आमचं दार दाखवायला आणायचे. नाना तेव्हा मळ्यात निघून जायचे.

लढाईवरून ते धडधाकट आले होते. अंगावर एक ओरखडा नाही, असं माय अभिमानाने सांगायची. फक्त उजव्या हाताचा तळवा गुळगुळीत होता. त्यावर रेषाच नव्हत्या. एकदा गावात आलेल्या जोशाने तो हात धरला, उलटासुलटा केला, आणि दक्षिणा न घेताच उठला. नाना त्यावर हसले. त्यांचं हसणं मला आठवतं, कारण ते वरचेवर दिसायचं नाही. तळव्याचं विचारलं की "गरम लागलं व्हतं," एवढंच म्हणायचे. थंडीत सगळ्या शेतांतून भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जायची, गावभर तो वास पसरायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. नाना त्या दिवसांत नदीकडे फिरायला जायचे आणि ताटात भरीत आलं तर ताट बाजूला सरकवायचे. खान्देशी माणूस आणि भरीत खात नाही! माय म्हणायची, फौजेत माणसाची जीभ बिघडते.

कडी नाही, म्हणजे घर मोकळं असेल असं वाटतं ना? तसं मुळीच नव्हतं. घरातलं कुणीही दाराआड गेलं, दार नुसतं लोटलं तरी, थोड्या वेळात ओट्यावरून नानांचा आवाज यायचा, "कोण हाये आत?" आतल्याने लगेच म्हणायचं, "मी हाये, नाना." मग ते "हाव", म्हणजे बरं, म्हणत. पुन्हा थोड्या वेळाने, "हायेस का?" "हाये, नाना." उत्तराला उशीर झाला तर पावलं वाजायची. न्हाणीत मी अंग चोळू की उत्तरं देऊ? दारावर मायचं लाल पातळ टांगलेलं असायचं, ती आमच्या घरातली बायका आत असल्याची खूण. पण पातळाला काय कडी असते? म्हणून मी न्हाणीत तांब्या आपटत राहायचे, आवाज करायचे, म्हणजे विचारायला नको. मी मोठी होत होते. त्या वयात पोरीला आरशापुढे उगाच उभं राहायचं असतं, उगाच रडायचं असतं, काहीच न करता गप्प बसायचं असतं. आमच्या घरात गप्प बसायची सोय नव्हती. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळे घरात हवेत आणि घरात असलेला प्रत्येक जण आवाजाने हवा. माझा जीव गुदमरायचा. नानांचा मला राग यायचा, खरा राग, दातओठ खाऊन यायचा. देवाकडे मी नवरा मागितला नाही की सोनं मागितलं नाही. एक दार मागितलं, जे मला बंद करता येईल.

शाळेने त्यांना एकदा पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं. नाना इस्त्रीचे कपडे घालून गेले. हेडमास्तरांनी शूर, पराक्रमी, रणधुरंधर असे शब्द एकामागून एक वापरून झाल्यावर नाना उभे राहिले. समोर आम्ही पोरं, मागे गाव. सगळ्यांचे कान तोफांचे आवाज ऐकायला टवकारलेले. नाना म्हणाले, "उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. तेल वाचतं, पण गाडी हातात राहत नाही." आणि खाली बसले. गावात तेव्हा बैलगाड्या आणि पाटलांचा एक ट्रॅक्टर, एवढाच गाड्यांचा पसारा होता. आधी कुणाला कळेना की संपलं. मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्या पटांगणात हसू पसरलं. त्या दिवसापासून आम्ही "न्यूट्रल"ची पोरं झालो. माझा मोठा भाऊ, दादा, यावरून दोनदा मारामाऱ्या करून आला. नानांना तो म्हणाला, "एखादी गोष्ट सांगायची ना लढाईची. खोटी सांगायची." नाना म्हणाले, "तीच तर सांगितली." बाप थोडा सरकलेला आहे, असं आमचं दोघांचं मत होतं आणि ते आम्ही फक्त मळ्यात बोलायचो.

दादाचं लग्न झालं आणि गोष्ट चव्हाट्यावर आली. वहिनी भुसावळची. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, जिथे दाराला वर एक आणि खाली एक अशा कड्या. लग्नाआधी माय नानांपुढे पदर पसरून म्हणाली, "निदान पोराच्या खोलीले तरी बसवू द्या." नाना नाही म्हणाले. दादाने मग चोपड्याच्या बाजारातून पितळी कडी आणली आणि नाना मळ्यात असताना आतल्या बाजूने गुपचूप बसवली. बरेच दिवस ती कुणी लावलीच नाही, दादाची हिंमत होत नव्हती. एका दुपारी वहिनी देवळातून आली. लुगडं बदलायला खोलीत गेली आणि नव्या नवरीने सवयीने कडी लावली. खट् असा आवाज झाला. मी ओट्यावर शेवेच्या भाजीसाठी कांदे चिरत होते. नाना दोर वळत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"कोण हाये आत?" नानांनी विचारलं. उत्तर नाही. "कोण हाये?" पुन्हा उत्तर नाही. आता हे आजच्या पोरींना सांगायला हवं, की आमच्याकडे नवी सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नसे. निरोप द्यायचा तर नणंदेमार्फत, नाहीतर भांडं वाजवून. वहिनीला भुसावळहून निघताना तिच्या आईने दहादा बजावलं होतं, सासऱ्याला उत्तर द्यायचं नाही. ते जितकं विचारू लागले तितकी ती मर्यादेने जास्त गप्प झाली. मी ओरडले, "नाना, वहिनी आहे! लुगडं बदलतेय!" पण त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी दाराला हात लावला, दार हललं नाही, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी कांदा टाकून उठले. त्यांनी अंगणातली पहार घेतली. दोन घावांत फळी फुटली. वहिनी कोपऱ्यात अर्धवट लुगड्यात भिंतीला चिकटून उभी. नानांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते भिंतींकडे, जमिनीकडे, छताकडे पाहत होते आणि ओरडत होते, "निघा! निघा बाहेर! सगळे निघा!" खोलीत वहिनीशिवाय कुणीच नव्हतं.

तिचा भाऊ तिसऱ्या दिवशी येऊन तिला घेऊन गेला. गावात जे बोललं गेलं ते मी लिहीत नाही. सासऱ्याने दार फोडलं आणि सून आत कशी होती, एवढ्यावर लोक काय काय रचतात ते कुणालाही कळेल. दादा नानांसमोर उभा राहिला. म्हणाला, "लढाई तुमची व्हती, नाना. आमी काय केलं? आमाले काबरं कोंडलं तुमी?" नाना म्हणाले, "कोंडू नये म्हणूनच तं." दादाला ते पटलं नाही, मलाही नाही. दादा भुसावळला सासऱ्यांच्या ओळखीने नोकरीला लागला आणि तिकडेच राहिला. घरात उरलो आम्ही तिघं. माय तर सदा आवाजानेच घरात असायची, त्यामुळे दादात आणि माझ्यात विभागलेलं "हायेस का?" आता सगळं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

त्या प्रकारानंतर मला स्थळ येणं बंद झालं. मायला त्याने घोर लागला, मला हायसं वाटलं. शाळेतल्या बाईंनी सुचवलं की धुळ्याला नर्सिंगचं शिक्षण आहे, राहायची सोय आहे, हिला पाठवा. मी धाडस करून नानांना विचारलं. "दवाखान्यातली दारं ढकलून उघडतात," ते म्हणाले, "दोन्हीकडून." आणि चक्क हो म्हणाले. मी आनंदाने वेडी झाले. मायने ट्रंकेत बिबडे भरले, शेंगांची चटणी भरली, नवं लाल पातळ भरलं. मी ते पातळ हळूच काढून कपाटात परत ठेवलं. मला त्या खुणेची आता गरज पडणार नव्हती.

धुळ्याचं वसतिगृह दुमजली होतं. वॉर्डनबाईंनी पालकांना ट्रंका वर ठेवण्यापुरती परवानगी दिली होती. नाना माझी ट्रंक खांद्यावर घेऊन जिना चढले. लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, आणि प्रत्येक दाराला आतून कडी, बाहेरून कडी. मी हरखून आतल्या कडीला हात लावला, पण नानांनी ट्रंक खाली ठेवलीच नाही. तशीच खांद्यावर ठेवून ते वळले. "चल," म्हणाले. "कुठे?" "घरी." मी रडले, पाया पडले, भर व्हरांड्यात भांडले. इतर पोरी आणि त्यांचे बाप पाहत होते. नाना जिना उतरून चालू लागले आणि माझे सगळे कपडे त्यांच्या खांद्यावर होते, मी काय करणार? शिरपूरवरून चोपड्याला जाणाऱ्या एस.टी.त आम्ही बसलो. खिडकीबाहेर आग्रा रोडवरचे ट्रक जात होते आणि मी मनात म्हणत होते, आता मी त्या घरात मरेन. ओट्यावरून कुणीतरी विचारत राहील आणि मी "हाये" म्हणत म्हातारी होईन.

सोनगीरला गाडी थांबली तसे नाना उठले. मला वाटलं पाणी प्यायला. त्यांनी टपावरून ट्रंक उतरवली. सोनगीरला हिरामण काका राहायचे. ते नानांबरोबर फौजेत होते, घरचा धंदा तांब्यापितळेची भांडी ठोकायचा. वर्षातून एकदा ते आमच्याकडे येत, एखादा तांब्या घेऊन. दोघं ओट्यावर दिवसभर बसत आणि एक अक्षर बोलत नसत. तरी जाताना नानांचा चेहरा निवळलेला असे. माणसं नुसती शेजारी बसायला एवढा प्रवास करतात, हे तेव्हा मला फार चमत्कारिक वाटायचं. काकांच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी ठोक्यांचा कल्लोळ होता. काकांनी आम्हाला पाहून हातोडा ठेवला. माझे सुजलेले डोळे पाहिले, नानांच्या खांद्यावरची ट्रंक पाहिली. काकूने चहा टाकला. नाना मागच्या अंगणात हौदावर तोंड धुवायला गेले आणि तिथेच बसून राहिले.

मी काकांना सगळं सांगितलं. कडीचं, वहिनीचं, आजचं. चिडून सांगितलं. काका ऐकत होते. मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुले काय सांगेल शे त्यानी, लढाईनं?"

"काही नाही. गाडी चालवायचे म्हणतात."

"जखमीसनी गाडी व्हती आमनी," काका म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत सांगायला माझा हात धजत नाही. जखमींना नेणारी ती गाडी. मागे दार, आणि दाराला बाहेरून कडी. जखमी आत घातले की ती कडी लावणं ड्रायव्हरचं काम. खाचखळग्यांत दार उघडून कुणी बाहेर पडू नये म्हणून. नानांनी त्या दिवशी ती लावली, रोजच्यासारखी, हात मारून घट्ट बसली की नाही तेही पाहिलं. वाटेत उतार होता. तेल कमी, म्हणून नानांनी गाडी न्यूट्रलवर सोडली. वरून गोळा पडला तेव्हा गाडी त्यांच्या हातात राहिली नाही, खड्ड्यात कलंडली आणि पेटली. पुढे बसलेले नाना आणि काका बाहेर फेकले गेले. नाना उठून मागच्या दाराकडे धावले. कडी वाकली होती, आणि तापली होती. आतली माणसं शुद्धीत होती. आतून आवाज येत होते.

"उघडनीच नही," काका म्हणाले. "हात सोडा नही त्यानी. मी वढी काढं त्याले. आवाज बंद व्हयनात तरी तो इचारीच राहिंता, कोण शे, कोण शे." काकूने चहाचे कप आणून ठेवले होते, ते तसेच होते. गल्लीत ठोके चालूच होते. "बठ्ठा इसरी गयात, बेटा. तो नही इसरना." सगळे विसरले, तो नाही.

माझा सगळा राग हातातच राहिला, ठेवायला जागा नाही असा. नाना आत आले, तोंडावरचं पाणी न पुसता बसले. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते आणि ते त्यांना कळलं. त्यांनी तो हात मांडीखाली घेतला. काका त्यांच्याकडे पाहून, रोजचं काही बोलावं तसं म्हणाले, "भाऊ, ती कडी बाहेरथीन व्हती. हाई मझारथीन शे. पोर सोता काढी शकस." मझार म्हणजे आत. नानांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. कप खाली ठेवून म्हणाले, "हिरामण, स्क्रू काढायचा पेचकस हाये का तुह्याकडे?"

आम्ही उलटी एस.टी. धरून संध्याकाळच्या आत पुन्हा धुळ्याला पोचलो. वॉर्डनबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "आता काय राहिलं?" नाना म्हणाले, "ट्रंक राहिली." वर जाऊन त्यांनी ट्रंक ठेवली, खिशातून काकांचं हत्यार काढलं आणि माझ्या खोलीची बाहेरची कडी काढायला घेतली. चारही स्क्रू निघेपर्यंत वॉर्डनबाई धापा टाकत वर आल्या. "अहो, हे काय चालवलंय? मुली कुलूप कुठे लावणार?"

"आतून कडी लावतील," नाना म्हणाले.

"आणि बाहेर गेल्यावर?"

"बाहेर गेल्यावर आत कोणी नसतं, बाई."

पुढची सगळी वर्षं त्या खोलीला बाहेरून कुलूप लागू शकलं नाही आणि माझ्या खोलीतल्या मुलींनी त्यावरून मला अमाप शिव्या दिल्या. नानांनी काढलेली कडी सदऱ्याच्या खिशात टाकली. मग त्यांनी आतल्या कडीवर बोट फिरवलं, ती मागेपुढे करून पाहिली, स्क्रू सैल नाहीत ना बघितलं. मला आत उभं केलं आणि स्वतः बाहेर गेले.

"लाव," बाहेरून आवाज आला. मी लावली. खट्. "काढ." मी काढली. दार उघडलं तर ते घामाने निथळत होते. "पुन्हा लाव." मी लावली. "काढ." काढली. त्यांनी उजवा हात सदऱ्याला पुसला. "आता लाव," ते म्हणाले, "आणि मी सांगत नही तोवर काढू नको."

मी कडी लावली आणि दाराला हात टेकून उभी राहिले. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग लाकडावर तळहात टेकल्याचा आवाज आला, माझ्या हाताच्या जवळपासच कुठेतरी. "हायेस का?" त्यांनी विचारलं. "हाये, नाना," मी म्हटलं. "हाव," ते म्हणाले. त्यानंतर काही नाही. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. उत्तर ओठांवर तयार होतं. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी मी देवाला साकडं घातलं होतं ती आता माझ्या भोवती होती. बंद दार होतं, आत मी एकटी होते, आणि मला हुंदका आवरेना. ते विचारत का नाहीत? ते काढ का म्हणत नाहीत? मी हात कडीवर ठेवला आणि काढला नाही. सांगितल्याशिवाय काढायची नाही, असं नानांनी बजावलं होतं. मागच्या खिडकीतून रस्ता दिसत होता हेसुद्धा मला बराच वेळ सुचलं नाही. सुचलं तेव्हा नाना रस्ता ओलांडून स्टँडच्या दिशेने जाताना दिसले, मान खाली, झपाझप, एकदाही मागे न पाहता. बंद दारापासून माझा बाप स्वतःच्या पायांनी चालत निघाला होता. त्याला ते किती जड गेलं असेल हे मला त्या दिवशी अर्धंच कळलं.

मी पुन्हा दारापाशी येऊन तशीच उभी राहिले. किती वेळ, कोण जाणे. शेवटी कुणीतरी दार ढकललं, ते हललं नाही, मग थाप मारली. माझ्या खोलीतली मुलगी होती, साक्रीकडची, तोवर मी तिचं नावही विचारलं नव्हतं.

"कोण आहे गं आत?" तिने विचारलं.

"मी आहे," मी म्हटलं. "काढू का?"

ती बाहेर हसली. "अगं काढ ना बाई. मला काय विचारतेस? कडी तर तुझ्याकडेच आहे."